मार्च २००८, डोंबिवली

निघण्यापूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधू नका. पट्टी बांधलेला माणूस दोन पावलांत टेबलाला धडकतो, घाबरतो आणि अंधत्व म्हणजे हीच भीती असं समजून बसतो. तुम्ही जिच्या आयुष्यात उतरणार आहात तिला जन्मापासून दिसत नाही. तिच्या हातांना, कानांना बत्तीस वर्षांचा सराव आहे. तो घेऊनच उतरा.

डोंबिवली पूर्व, पहाटेचे पाच. दुधाच्या पातेल्यात तुम्ही छोटी बशी उपडी सोडली आहे. ती खडखडली की दूध वर येणार. हात आधीच बटणावर. मिठाच्या बरणीला रबरबँड, साखरेच्या बरणीला नाही. आतल्या खोलीत घुंगरं वाजतात. चार वर्षांची लेक उठली. ती चालायला लागली तेव्हापासून तिच्या पायांत पैंजण आहेत. पण तुमचं लक्ष आवाजापेक्षा तो थांबण्याकडे जास्त असतं. आज घुंगरं दोन पावलांतच थांबतात. पोळी तव्यावर टाकून तुम्ही जाता, तिच्या मानेला ओठ टेकवता. ताप.

“तू जा गं, मी आहे,” सासूबाई म्हणतात. “संध्याकाळी दवाखान्यात नेऊ.”

घडीची काठी उघडून स्टेशन, पुलाच्या जिन्यापासून मोजलेली पावलं, अपंगांचा डबा, सीएसटी. फोर्टातल्या बँकेत तुम्ही टेलिफोन ऑपरेटर आहात. शंभरावर एक्स्टेंशन तोंडपाठ. सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना एक टक्का जागा १९९५च्या कायद्याने दिल्या. ही खुर्ची कुणाच्या दयेची नाही. आणि तुम्हाला या खुर्चीपुढेही जायचं आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तुम्ही शिकलात. ते मराठीपुढे मुकं होतं, पण बँकेची इंग्रजी पत्रं भराभर वाचतं. पत्रव्यवहाराचं काम द्या, असं तुम्ही साहेबांना सांगता.

“बघू.”

“कधी बघू या, साहेब?”

थोडी शांतता. मग, “सोमवारी या.”

संध्याकाळी दवाखाना. मांडीवर लेक तुमच्या, पण डॉक्टर बोलतात सासूबाईंशी. “पाच एमएल, दिवसातून तीनदा. नीट बघून द्या हं आजी.”

“डॉक्टर, औषध मी देते. मला सांगा.”

खुर्ची करकरते. ते सगळं पुन्हा सांगतात, या वेळी तुमच्याकडे तोंड करून. आवाजाची दिशा बदललेली तुम्हाला लगेच कळते.

घरी औषधाची पिचकारी आहे. तिच्या दट्ट्याला पाच एमएलच्या खुणेवर ब्लेडने खाच पाडलेली आहे. नख खाचेत अडकलं की माप पुरं. (अर्ध्या झोपेत टोपणात औषध ओतणाऱ्या डोळस आईबापांपेक्षा मी या खाचेवर जास्त भरवसा ठेवीन.)

आठला लोडशेडिंग. चाळभर मेणबत्त्यांची शोधाशोध. तुम्ही पलंगावर बसून टपालाने आलेला जाड अंक उघडता. ब्रेल मजकुराला टपालखर्च पडत नाही, म्हणून वर तिकीट नाही. हे ‘स्पर्शज्ञान’, स्वागत थोरातांनी १५ फेब्रुवारीला सुरू केलेलं मराठी ब्रेल पाक्षिक. आजवर मराठी वर्तमानपत्र तुमच्यापर्यंत पोहोचलं ते दुसऱ्याच्या आवाजात, त्याला सवड असेल तेव्हा आणि त्याला आवडतील तेवढ्याच बातम्यांचं. आज कुठे थांबायचं, काय दोनदा वाचायचं ते तुमचं बोट ठरवतंय. एका ओळीवर तुम्ही तीनदा परत जाता, नुसतं जाता येतं म्हणून.

ताप उतरू लागलाय. लेक कुशीत शिरते, “मला पण.” तिचं बोट धरून तुम्ही एका शब्दावर ठेवता.

“हे काय आहे?”

“आई. मोज.”

‘आ’ची टिंबं तीन. ती सावकाश मोजते, एक निसटतं, पुन्हा सुरुवात करते. शेजारच्या ‘ई’ची दोन.

“पाच,” ती सांगते आणि पुढची आई कुठे आहे ते अंधारात शोधू लागते.