भट्टी आणि बाँब

अणुशक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम हिरोशिमा उभे राहते. म्हणून तारापूरची अणुभट्टी एखाद्या दिवशी बाँबसारखी फुटेल काय, ही शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिच्या उत्तरासाठी आपण थोडे मागे जाऊ.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या सज्जाखाली, एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून जगातील पहिली अणुभट्टी चालविली. न्यूट्रॉनच्या आघाताने युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो. त्यातून उष्णता आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन निघतात. ते पुढचे अणुगर्भ फोडतात. ही साखळी भट्टीत आणि बाँबमध्ये एकच. फरक आहे तो लगामाचा. शिकागोत कॅडमियमचे गज न्यूट्रॉन शोषून घेत होते, म्हणून त्या दिवशी निर्माण झालेली शक्ती अवघी अर्धा वॅट राहिली. शिवाय शेकडा एकाहूनही कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा बाहेर पडतात. निसर्गाच्या या सवलतीमुळेच माणसाला लगाम खेचण्यास अवधी मिळतो.

दुसरा फरक इंधनाचा. खाणीतील युरेनियमात सहज दुभंगणारे युरेनियम-२३५ शेकडा ०.७ इतकेच असते. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या भट्ट्यांसाठी ते शेकडा तीनच्या आतच ठेवलेले होते; हिरोशिमाच्या बाँबमध्ये ते सरासरी शेकडा ८० होते. एवढे शुद्ध द्रव्य क्षणार्धात एकत्र आणले, तरच नगर भस्म करणारा स्फोट होतो. भट्टीत तसे घडू शकत नाही.

म्हणून निश्चिंत व्हावे काय? नाही. १९८६ साली चेर्नोबिल येथे अनावर झालेली भट्टी वाफेच्या दाबाने फुटली. तो अणुस्फोट नव्हता, तरी किरणोत्सर्गी द्रव्ये दूरदेशी पसरली आणि गावेच्या गावे ओस पडली.

आणखी एक नाते आपण विसरू नये. भट्टीत युरेनियमपासून प्लुटोनियम तयार होते. नागासाकीवर पडलेल्या बाँबचे प्लुटोनियम अमेरिकेतील हॅनफर्डच्या भट्ट्यांतून आले होते. आपल्या तुर्भ्याची 'सायरस' भट्टी कॅनडाच्या साहाय्याने, शांततेच्या कार्यासाठी म्हणून, १९६० साली सुरू झाली. १९७४ च्या पोखरण येथील चाचणीचे प्लुटोनियम तिचेच.

भट्टी म्हणजे बाँब नव्हे, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. परंतु भट्टीतून बाँब घडवावा की घडवू नये, हे शास्त्र सांगत नाही. तो निर्णय राष्ट्राचा, म्हणजे अखेर तुमचा-आमचा आहे. आणि तो डोळसपणे घ्यावयाचा तर हा फरक आणि हे नाते, दोन्ही आपल्याला ठाऊक हवीत.