साष्टींतील ख्रिस्ती मद्यविचार : 'द्राक्षारस' शब्दाच्या अनुरोधानें

साष्टी बेटाच्या वायव्य टोंकास, हल्लींच्या मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत, उत्तन, पाली, डोंगरी, भाईंदर हीं जुन्या ख्रिस्ती वस्तीचीं गांवें आहेत. इ. स. १५३४ च्या तहानें वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हांपासून येथें रोमन कॅथलिक पंथ रुजला, आणि १७३९ त मराठ्यांनीं हा प्रांत जिंकल्यावरहि तो टिकून राहिला. तीन शतकांनीं मुंबईस दुसरे ख्रिस्ती आले, ते अमेरिकन व इंग्रज मिशनरी. या दोघांच्या मराठी ग्रंथांचा संग्रह करणारास मद्याविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें आढळतात. त्यावरून कित्येक लेखक 'ख्रिस्ती धर्मांत मद्य चालतें' असें ठोकून देतात, तर कित्येक 'मूळ धर्मांत निषेधच होता, पुढें शैथिल्य आलें' असा तर्क करतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें पंथभेद व कालभेद न पाहिल्यामुळें हीं दोनही विधानें फसलीं आहेत, आणि या घोटाळ्याचें मूळ पुष्कळ अंशीं 'द्राक्षारस' या एका शब्दांत आहे.

बायबलाच्या प्रचलित मराठी भाषांतरांत ग्रीक 'ओइनोस' शब्दास 'द्राक्षारस' हा प्रतिशब्द आहे. 'रस' म्हटल्यावर आपणांस उसाच्या रसासारखा नुसता पिळून काढलेला द्रव आठवतो. परंतु काना गांवच्या लग्नकथेंत मुळांत जो शब्द आहे, तोच पौलानें इफिसकरांस मस्त होण्याविरुद्ध इशारा देतांना व तीमथ्यास पोटाच्या विकारावर थोडें घेण्याचा सल्ला देतांना योजिला आहे. ज्यानें मनुष्य मस्त होतो तो नुसता रस नव्हे. आपल्याकडेहि ही योजना नवी नाहीं. कौटिल्य सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मृद्वीकेच्या रसासच 'मधु' नामक मद्य म्हणतो व कापिशायन, हारहूरक हीं त्याचीं देशपरत्वें नांवें सांगतो. 'कापिशायन' शब्दाची सिद्धि तर पाणिनीनेंच दिली आहे. वैद्यांपाशीं 'द्राक्षासव' शब्द तयार असतां भाषांतरकारांनीं तो घेतला असता, तर पुढील वादास मराठींत थारा मिळाला नसता. अर्थात् धर्मग्रंथास काढ्याचा वास आला असता, ही गोष्ट निराळी.

कॅथलिक पंथाचा विचार सरळ आहे. मिस्साविधीस द्राक्षांचें नैसर्गिक व न बिघडलेलें मद्यच लागतें. विधीबाहेर मद्य पिणें हें स्वभावतः पाप नव्हे, बुद्धिभ्रंश होईपर्यंत जाणूनबुजून पिणें हें पाप, असा तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनसनें केलेला निर्णय त्या पंथास मान्य आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ त छापलेल्या क्रिस्तपुराणांत कानाच्या लग्नाची कथा मराठी ओव्यांत आली आहे, ती याच परंपरेंतली. इकडे साष्टींत द्राक्षें नव्हतीं, ताडमाड होते. येथील ईस्ट इंडियन घरांत ताडी हें केवळ पेय नव्हतें. फुग्यांचें पीठहि तिनेंच आंबवीत. ज्याच्याकडे मुंबई बेट पट्ट्यानें होतें तो गार्सिया द ऑर्ता १५६३ च्या ग्रंथांत माडाच्या रसास 'सुरा' म्हणतो, आणि गोव्यांत त्यास आजहि 'सूर' म्हणतात. मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी अशी त्रिविध सुरा सांगून तिचें पान महापातकांत घातलें आहे. म्हणजे स्मृतीनें ज्या नांवास महापातक जोडलें, तेंच नांव धारण करणारें पेय नव्या धर्मांत घरोघर निर्दोष ठरलें. वेदीवर मात्र त्यास स्थान मिळालें नाहीं.

आतां निषेधाचा पक्ष. येथें सनावळी नीट पाहिली पाहिजे. केरीचा मराठी नवा करार श्रीरामपुरास १८११ त निघाला. अमेरिकन मिशनचे हॉल व नॉट १८१३ त मुंबईस आले. परंतु अमेरिकेंतील मद्यनिषेधक संस्था बोस्टन येथें स्थापन झाली ती १८२६ त, आणि द्राक्षमद्यासह सर्व मादक पेयें सोडण्याची शपथ तेथील अखिल संघानें स्वीकारली ती १८३६ त. तेव्हां त्यापूर्वींच्या मराठी छापांत 'रस' शब्द दिसल्यास त्यामागें निषेधाचा हेतु कल्पिणें हा कालविपर्यास होय. पुढें संपूर्ण निषेध मानणारांपुढें प्रभुभोजनाच्या प्याल्याची अडचण उभी राहिली. तेव्हां त्यांच्यांतील पंडितांनीं आंबलेला व न आंबलेला असे दोन द्राक्षारस मानिले, आणि शेवटल्या भोजनाच्या कथेंत 'ओइनोस' शब्द नसून द्राक्षवेलीच्या फळाचा निर्देश आहे, यावर भर दिला. युक्तिवाद चतुर आहे, परंतु मला तो पटत नाहीं. सणाच्या भोजनांतील प्याला आंबलेल्या द्राक्षारसाचाच असणार. १८६९ त वेल्च नामक अमेरिकन मेथडिस्ट दंतवैद्यानें रस तापवून तो आंबूं न देण्याची कृति साधली, आणि व्याकरणानें जें सिद्ध होईना तें बाटलीनें सिद्ध झालें : मेथडिस्टांच्या प्याल्यांत खराच द्राक्षारस आला. १८८२ त मुंबईस उतरलेल्या मुक्तिफौजेनें आपल्या सैनिकांस मद्य समूळ वर्ज्य केलें, आणि प्रभुभोजनाचा विधिच ठेविला नाहीं. अँग्लिकन पंथानें मात्र परंपरागत मद्याचा प्याला सोडला नाहीं.

सरकारची दृष्टि प्रथम महसुलाची होती. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें ताडामाडांचा रस काढण्यावर परवान्याची व कराची पकड बसली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें द्राक्षमद्य व ताडी हीं दोनही 'मद्य' या एकाच व्याख्येंत घातलीं. परंतु त्याच कायद्यांत, धर्मविधीस मद्य लागणाऱ्या कोणत्याहि धर्माच्या उपाध्यायास तेवढ्यापुरता अधिकारपत्र देण्याची सोय आहे. त्यामुळें उत्तनच्या वेदीवरील प्याल्यास कायद्यानें वाट मिळाली, आणि त्याच गांवच्या माडावरील मडकें बंदींत सांपडलें.