मलपरीक्षा : एका संकोचाचा इतिहास

या स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय निवडला तेव्हा काही स्नेह्यांनी नाके मुरडली. मराठीच्या प्राध्यापकाने विष्ठेवर बोलावे, तेही सिल्वासाच्या शाळेत! परंतु ‘योगरत्नाकरा’तील अष्टविध परीक्षेत नाडी आणि मूत्र यांच्या पाठोपाठ मलाचेच स्थान आहे. आपले जुने वैद्य आपल्याहून मोकळे होते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा मांसल अंकुरातून, दहा-दहा वर्षे घेत वाढतो. तो दुखत नाही; मधूनमधून रक्त सांडतो, तेही डोळ्यांना न दिसणारे. माझ्या थोरल्या बंधूंना तर ते दिसलेही होते. ‘मूळव्याध आहे’ म्हणत त्यांनी दोन वर्षे काढली. तिसरे त्यांना लाभले नाही.

हे अदृश्य रक्त पकडले ते एका झाडाच्या राळेने. वेस्ट इंडीजमधील ग्वायाकमची राळ, रक्ताचा अंश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की निळा रंग उमटतो. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली. १९६७ मध्ये ओहायोतील डॉ. ग्रेगर यांनी राळ लावलेले कागद रुग्णांच्या घरीच दिले. रक्त रोज सांडत नाही, म्हणून नमुने तीन दिवसांचे. माझ्या मते खरा शोध हाच; परीक्षा दवाखान्यातून घरात आली. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६,५५१ लोकांवर झालेल्या पाहणीचा निष्कर्ष १९९३ मध्ये आला : दरवर्षी ही परीक्षा करणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले.

राळ मात्र भोळी. मटणातल्या रक्तालाही ती फसते. पुढे केवळ मानवी रक्त ओळखणारी प्रतिपिंडांची परीक्षा आली. जपानने १९९२ मध्ये ती देशभर लागू केली. त्याच वर्षी अमेरिकेत मलातून कर्करोगाच्या बिघडलेल्या जनुकाचा माग लागला आणि २०१४ मध्ये जनुक व रक्त दोन्ही तपासणाऱ्या परीक्षेला तिथे मान्यता मिळाली. ती शंभरांतले ९२ कर्करोग पकडते, रक्तपरीक्षा ७४. पण निरोगी माणसाला विनाकारण घाबरवण्यातही तीच पुढे. गरीब मुलखाला मला साधी रक्तपरीक्षाच बरी वाटते.

आपल्याकडे हा रोग तुलनेने कमी. म्हणून २०१६ च्या सरकारी तपासणी-धोरणात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच आले. पण लोक नमुना देणार नाहीत, हे कारण मला पटत नाही. टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या पाहणीत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रिया सहभागी झाल्या. तपासणी गर्भाशयमुखाची होती. संकोच तिथे काय कमी होता? विषाणू-परीक्षा झालेल्या गटात त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे असे कागद वाटायचे झाले, तर सूचनापत्र मराठीत, गुजरातीत आणि वारलीतही हवे. त्याच्या पहिल्या ओळीत शब्द कोणता घालावा? ‘शौच’ म्हणजे मुळात शुद्धी, ‘मल’ पुस्तकी. पाड्यावरची आजी जो शब्द नातवाला सांगते, तोच छापावा.