न्हाणीघरातला दिवा आणि दाराबाहेरचे बटण

पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या दिव्याचे बटण दाराबाहेर असते. इंग्लंडात ते आत असले, तर छतातून दोरी लोंबत असते. ओल्या हाताने ती ओढावी, दिवा लागावा, आणि बटण मात्र हाताला लागू नये! ही खबरदारी माणसाला कधी सुचली, ते पाहू.

विजेचे दिवे घरांत शिरले तेव्हा लोकांना धास्ती वाटली ती आगीची. 1882 साली लंडनमधील तारायंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेने पहिले नियम छापले. त्यांच्या नावातच विजेच्या दिव्यांपासून होणाऱ्या आगीचे निवारण, असा उद्देश होता. त्याच सुमारास फिनिक्स ह्या आगविमा कंपनीनेही आपले नियम काढले. विमेवाल्यांना घर जळाले तर पैसे मोजावे लागत, तेव्हा त्यांची घाई समजण्यासारखी आहे.

फ्यूज हा त्याच विचारातला. तारेतून फाजील प्रवाह वाहिला की तो वितळतो आणि तार तापून पेटत नाही. आपल्याकडे अजूनही कितीतरी जण म्हणतात, "फ्यूज आहे ना, मग भीती कसली?" हा समज जीवघेणा आहे. का, ते आकड्यांनीच पाहा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील चार्ल्स डॅलझील ह्या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. हातात तार द्यायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि मूठ केव्हा सुटेनाशी होते ते नोंदवायचे. पुरुषांची सरासरी निघाली सुमारे 16 मिलिअँपिअर. स्त्रियांची त्याहून कमी. आता 60 वॅटचा साधा दिवा 230 व्होल्टवर सुमारे 260 मिलिअँपिअर घेतो. दिव्याचा फ्यूज 5 अँपिअरचा, म्हणजे 5000 मिलिअँपिअरचा धरा. माणूस तारेला चिकटून मरेल, पण फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही!

त्यात न्हाणीघर. कोरडी कातडी विजेला बरीच अडवते. अंग भिजले, पाय ओल्या फरशीवर असले, की ती अडवणूक पार ढासळते. शरीराचा विरोध ढोबळपणे 1000 ओहम धरला, तरी 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर वाहतील. जुना तांब्याचा बंब धूर करी खरा, पण हा धोका त्यात नव्हता.

1961 साली डॅलझील यांनी एक यंत्र योजले. जाणाऱ्या तारेतून जितका प्रवाह गेला, तितकाच परतीच्या तारेतून आला पाहिजे. कमी आला, तर तो कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत जातो आहे. काही मिलिअँपिअरचा फरक पडताच यंत्र क्षणार्धात प्रवाह तोडते. अमेरिकेच्या नियमांनी 1968 साली पोहण्याच्या तलावातील दिव्यांसाठी ते सक्तीचे केले. न्हाणीघराची पाळी आली 1975 साली. शोध लागला तरी नियम किती सावकाश चालतो!

पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी न्हाणीघराचे विभागच पाडले. टबाच्या आतल्या जागेत 12 व्होल्टहून अधिक दाब नको. टबाच्या वर 2.25 मीटर उंचीपर्यंत आणि बाजूला 60 सेंटिमीटरपर्यंत, पाणी उडाले तरी आत शिरणार नाही असेच दिवे हवेत.

आपल्याकडे 1910 च्या कायद्याखाली 1956 साली भारतीय वीज नियम झाले. त्यांतला 45 वा नियम शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावा. दिवा किंवा बटण जुन्याच्या जागी तसेच नवे बसवण्याला त्यात मोकळीक होती. नवी तार ओढणे मात्र परवानाधारक ठेकेदाराचे काम, आणि त्यावर दाखलाधारकाची देखरेख हवी. 1956 च्या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या व मग 2023 च्या विनियमांनी घेतली.

आपल्या घरच्या फळ्यावर गळती पकडणारे यंत्र असेल, तर त्यावर 'टी' अक्षराचे छोटे बटण दिसेल. ते दाबताच प्रवाह तुटला पाहिजे. न तुटल्यास वायरमनला बोलवा, आणि तोवर गिझर बंद ठेवा.