पानावरची चौकट: कात्री-डिंकापासून लेयरपर्यंत

मंडळाच्या अंकाची पाने लावायला बसले की पहिली झटापट मजकुराशी होत नाही, माउसशी होते. हलवायचे असते नाटकाचे छायाचित्र आणि सरकते त्याच्यावर पसरलेली मथळ्याची चौकट. ज्यांनी अंकापायी रात्री जागवल्या आहेत त्यांना हा वैताग सांगायला नकोच. पण त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते तो मुख्यतः एका वादाचा इतिहास आहे: पान म्हणजे कागद चिकटवायचा मोकळा तक्ता, की आधीच घरे आखलेला सारीपाट?

सुरुवात १९६३ ची. आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत डॉक्टरेटसाठी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम लिहिला. प्रकाश-लेखणी पडद्यावरच्या रेषेजवळ नेली की याला ही रेषा हवी आहे, हे तो ओळखत असे. रेषा म्हणजे नुसते उजळ ठिपके नव्हेत, ती एक वस्तू आहे, तिला धरता येते, हलवता येते, ही दृष्टी तिथे प्रत्यक्षात उतरली. आपण आज जे जे 'सिलेक्ट' करतो ते त्याच वंशातले.

छपाईच्या धंद्यात ही वस्तू आली जुलै १९८५ मध्ये, सिएटलच्या आल्डस कंपनीच्या पेजमेकरबरोबर. संस्थापक पॉल ब्रेनर्ड वृत्तपत्रसृष्टीतून आलेले. कंपनीला त्यांनी नाव दिले व्हेनिसचे जुने मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांचे. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दप्रयोगही त्यांचाच. (त्याच वर्षी अॅपलचा लेझरायटर आणि त्यातली अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली नसती, तर पेजमेकरचे पान पडद्यावरच राहिले असते.) ब्रेनर्ड यांनी पेस्टिंग करणाऱ्या कारागिराचे टेबलच पडद्यावर मांडले. पानाभोवती मोकळी जागा. कापलेली चित्रे, उरलेले मथळे तिथे टाकून ठेवावेत, पान उलटले तरी ते तिथेच. मजकूर पानावर 'ओतायचा'. तो पट्टीसारखा खाली उतरे आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना खिडकीच्या पडद्यासारखी कडी असे. खालची कडी वर ओढली की पट्टी आखूड होई आणि उरलेला मजकूर पुढच्या पट्टीत जाई. चौकट अशी निराळी वस्तू नव्हतीच. मजकूर काढला की त्याची जागाही गेली!

ज्यांची हयात कात्री, पाते आणि डिंक यांत गेली होती त्यांना हे ओळखीचे वाटले. त्यांची नोकरी मात्र याच ओळखीच्या टेबलाने घालवली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

दुसरा पक्ष सारीपाटवाल्यांचा. १९८६ च्या व्हेंचुरा पब्लिशरमध्ये पान हीच एक मोठी चौकट होती आणि तिच्यावर आणखी चौकटी. डेन्व्हरच्या क्वार्कने १९८७ मध्ये एक्सप्रेस काढले. त्यात आधी चौकट काढायची, मग आत मजकूर किंवा चित्र भरायचे. पहिल्या आवृत्त्यांत एका चौकटीत काढलेली दुसरी चौकट आईच्या पदराला बांधलेल्या पोरासारखी असे, बाहेर जाऊच शकत नसे. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते बंधन सुटले. हत्यारे दोन: एक चौकट हलवणारे, दुसरे आतल्या ऐवजाला हात घालणारे. माझा कौल याच पक्षाला आहे. दिवाळी कार्यक्रमाचा वृत्तांत शेवटच्या रात्री येतो, पण त्याला दोन कॉलम द्यायचे हे आठवडाभर आधी ठरलेले असते. रिकामी जागा ही खरी वस्तू आहे, हे क्वार्कला कळले होते.

पुण्यात मात्र जिंकला पेजमेकर. मी कॉलेजात असताना, १९९० च्या दशकात, नारायण पेठेत आणि सदाशिव पेठेत दर दोन जिन्यांआड 'मराठी डीटीपी'ची पाटी असे, आणि आत पेजमेकरच. देवनागरीचे त्या काळचे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवून चालत, आणि पेजमेकर ते निमूटपणे छापे. अडोबीने १९९४ मध्ये आल्डस घेतली, १९९६ च्या ६.५ आवृत्तीत चौकटी आणल्या आणि त्यांच्याबरोबर लेयरही.

लेयर म्हणजे काचेचे तावच म्हणा. प्रोग्रॅम पानावरच्या वस्तूंची खालून वर अशी यादी ठेवतो. टिचकी मारली की वरून शोधत येतो आणि जी पहिली सापडेल ती हाती देतो. म्हणून छायाचित्राऐवजी मथळा सरकतो. खालची वस्तू हवी असेल तर कंट्रोल दाबून टिचकी मारायची, एकेक पायरी खाली उतरायचे. लेयरमध्ये हीच यादी गटांत वाटली जाते, आणि अख्ख्या गटाला कुलूप लावता येते किंवा तो दडवता येतो. क्वार्कला हे २००२ मध्ये, पाचव्या आवृत्तीत जमले. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये १९९९ पासूनच होते.

मी पीएच.डी.साठी अमेरिकेत आलो आणि मंडळाच्या अंकाला हातभार लावू लागलो, तेव्हा लेयरचा खरा उपयोग दिसला. तळाच्या लेयरवर छायाचित्रे, मधल्यावर मराठी, वरच्यावर इंग्रजी. एक दडवला की आजी-आजोबांचा अंक, दुसरा दडवला की मराठी न वाचणाऱ्या नातवंडांचा. चित्रे तीच, माणसे तीच.

आता अडचण वेगळीच आहे. इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडत नाहीत. २०१२ च्या सीएस६ मध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळवण्याची सोय आली, आणि जुन्या फाइली उघडणारी आवृत्तीही तीच शेवटची. इंग्रजीचा लेयर कुठेही वाचता येतो. मराठीचा लेयर जुना फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसतो. साखळीने जोडलेल्या चौकटींमुळे लेखाचा क्रम तरी लागतो. अक्षरे एकेका फाँटची सारणी करून उलटावी लागतात. दोन अंक झाले आहेत. ज्यांच्याकडे जुन्या फ्लॉपी किंवा सीडी असतील त्यांनी त्या टाकू नयेत, आणि फाँटची मूळ डिस्क असेल तर ती आधी पाठवावी.