किल्ल्यांची यादी

पासवर्ड आपण जिवापाड जपतो. पण १९६६ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये संगणकानेच सगळ्यांचे पासवर्ड छापून दिले होते!

प्राध्यापक फर्नांडो कोर्बातो यांची 'सीटीएसएस' ही प्रणाली १९६१ पासूनची. एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेकांनी काम करावे, ही तिची नवलाई. म्हणून प्रत्येकाला निराळा पासवर्ड, निराळा कप्पा. आणि कप्प्यात एका वेळी एकच माणूस, असा दंडक. देखभालीची माणसे डझनभर झाली, तसा त्यांना तो जाचू लागला. जपून वागण्याची हमी देऊन त्यांनी कोर्बातोंकडून आपल्यापुरती सूट मिळविली. पण लेखनाच्या प्रोग्रामला हे कोण सांगणार? तो बापडा प्रत्येक मसुदा एकाच ठरावीक नावाच्या कच्च्या फाइलीत ठेवी. दोघी जावांनी एकाच परातीत चिवडा नि लाडू कालवावेत, तशातली गत! एकजण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करीत होता. दोन्हींची अदलाबदल झाली.

शुक्रवारी सायंकाळी पाचच्या सुमारास जो कोणी कामाला बसे, त्याच्यापुढे सूचनेऐवजी ती यादी उमटे. पंधरा-वीस मिनिटांनी एका भल्या माणसाने फोन केला, तेव्हा कुठे यंत्र थांबले. पुढचे कित्येक तास सगळे पासवर्ड बदलण्यात गेले.

ही फजिती कोर्बातोंनी पुढे ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात स्वतःच सांगितली.