काशीतील एक लोखंडी जीर्णोद्धार

काशीस आलेल्या मराठी माणसाचे पाऊल प्रथम विश्वनाथाकडे वळते आणि तेथे अहिल्याबाईंचे नाव ऐकून त्याची मान आपोआप लवते. १७८० च्या सुमारास त्या साध्वीने केलेला मंदिराचा जीर्णोद्धार आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण याच नगरीच्या पश्चिमेस, मडुवाडीह स्थानकाच्या पलीकडे, अगदी अलीकडच्या काळात आणखी एक जीर्णोद्धार झाला. तो दगडाचा नव्हे, लोखंडाचा. त्याची हकीकत या सुवर्णमहोत्सवी अंकात नोंदवून ठेवावी, असे मनात आले. परप्रांतात रेल्वेच्या नोकरीनिमित्त स्थिरावलेली कुटुंबे आपल्यात थोडीथोडकी नाहीत. त्यांना तरी हा विषय परका वाटू नये.

डिझेल रेल एंजिन कारखाना काशीत १९६१ साली स्थापन झाला. अमेरिकेतील आल्को कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने येथे एंजिने बांधावयास आरंभ झाला आणि ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पहिले एंजिन राष्ट्रास अर्पण झाले. पुढे १९६९ मध्ये खुद्द आल्कोचा एंजिननिर्मितीचा कारभार आटोपला. परंतु तिची विद्या गंगातीरी रुजली, वाढली आणि कित्येक दशके टिकली. देशातील मालगाड्या ओढणारे ३१०० अश्वशक्तीचे ‘डब्ल्यूडीजी ३ ए’ हे एंजिन त्याच घराण्यातले.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपण ज्याला डिझेल एंजिन म्हणतो त्याची चाके डिझेल फिरवीत नाही. डिझेल फिरविते ती वीज निर्माण करणारी यंत्रणा. त्या विजेवर धुऱ्यांजवळ बसविलेल्या सहा मोटरी चालतात. म्हणजे हे एंजिन मुळात विजेचेच, केवळ आपले वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारे. मग रुळांवर विद्युत्तारा आल्यावर ते वीजघर उतरवून ठेवले आणि वरच्या तारेतून वीज घेतली, तर काय बिघडले? कल्पना इतकी सरळ की ऐकणाऱ्यास वाटावे, यात अवघड ते काय!

अवघड बरेच होते. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा एकफेजी प्रवाह असतो. तो उतरवून घेण्यासाठी छतावर पेंटोग्राफ हवा, आत अवजड ट्रान्सफॉर्मर हवा, त्यापुढे प्रवाह मोटरींना मानवेल असा करणारी साधने हवीत. जे छप्पर धूर सोडण्यापुरते घडविले होते, तेथे आता उच्च दाबाच्या विजेपासून सुरक्षित अंतर राखावयाचे. डिझेल यंत्र आणि इंधनाची टाकी काढली की वजनाचा तोल बदलतो. सहाही धुऱ्यांवर भार सारखा पडला नाही तर चाके घसरतात. आणखी एक बारीक मेख आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या आल्को एंजिनात ब्रेकसाठी हवा दाबणारे यंत्र आणि मोटरी थंड ठेवणारे पंखे डिझेल यंत्राच्याच फिरत्या दांड्याकडून शक्ती घेत असत. यजमानच गेला म्हणजे आश्रितांची सोय निराळी करावी लागते. त्या प्रत्येकास स्वतंत्र विजेची मोटर द्यावी लागते.

२२ डिसेंबर २०१७ रोजी काम हाती घेण्यात आले. दोन जुनी एंजिने घेऊन त्यांचे एक जोडएंजिन करावयाचे होते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी ते कारखान्याबाहेर पडले. अवघे ६९ दिवस! ‘डब्ल्यूएजीसी ३’ या नावाच्या या जोडीची शक्ती १०,००० अश्वशक्ती, म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने पूर्वीपेक्षा ९२ टक्के अधिक. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी काशीतच तिला हिरवा झेंडा दाखविला. जगात असे प्रथमच घडले, असेही त्या वेळी सांगण्यात आले. अशा पहिलेपणाचा निवाडा आपण इतिहासकारांवर सोडू.

या घाईमागे अर्थकारण होते. रेल्वेच्या रिवाजाप्रमाणे डिझेल एंजिनाचे आयुष्य ३६ वर्षांचे आणि अठराव्या वर्षी त्याची मोठी दुरुस्ती. त्या दुरुस्तीस पाच-सहा कोटी रुपये लागतात, तर रूपांतर त्याच्या निम्म्या खर्चात होते, असे रेल्वेचे म्हणणे होते. मार्गांचे विद्युतीकरण धडाक्याने चालले असता डिझेलवर पुन्हा तेवढा खर्च का करावा, हा प्रश्न रास्तच होता.

रूपांतर झाले म्हणून एंजिन लगेच गाडीस जोडता येत नाही. आधी प्रत्येक तारेचे विद्युत्रोधन मेगरने तपासावयाचे, मग उच्च दाब देऊन पाहावयाचे, संरक्षक रिले योग्य क्षणी तुटतात की नाही ते पाहावयाचे. नंतर पेंटोग्राफ प्रथमच तारेस लावण्याचा प्रसंग येतो. मग रिकामी धाव, मग भार ओढून धाव. नवे एंजिन वेगात किती डोलते याची पारख लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेकडे असते. जुन्या सांगाड्याच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे लागते, कारण नव्या विजेचा जोर जुन्या लोखंडास पेलावयाचा असतो.

माझ्या मते या प्रयोगाचे मोल त्यातून किती एंजिने निघाली यावर ठरत नाही. अशी एंजिने मोजकीच झाली. पुढे नवीकोरी विद्युत् एंजिने बांधणेच सोयीचे ठरले आणि कारखाना तिकडेच वळला. परंतु ज्यांनी उभी हयात डिझेलचे सिलिंडर आणि पिस्टन हाताळण्यात घालविली, त्यांच्यापुढे त्या काळी खरा प्रश्न हा होता की, डिझेलच संपले तर आपल्या हातांचे काय? त्याच हातांनी डिझेल यंत्र उतरविले आणि त्याच चौकटीवर विजेचा संसार मांडला. विजेची एंजिने येथे बनू शकतील काय, या शंकेस त्यांनी कामातून उत्तर दिले.

२०२० साली कारखान्याच्या नावातून ‘डिझेल’ हा शब्द गळाला आणि तो बनारस रेल एंजिन कारखाना झाला. पुढल्याच वर्षी मडुवाडीह स्थानकही ‘बनारस’ झाले. रिक्षावाल्यास मात्र अजूनही ‘डीएलडब्ल्यू’ असेच सांगावे लागते. नवे नाव घेतले तर तो क्षणभर विचारात पडतो.